गर्भपाताचा कायदा : उशीर कोणामुळे होतो आणि किंमत कोण मोजतं?



बीपी, शुगर, थायरॉइडचे प्रश्न पेशंट खुर्चीत बसून विचारतात. गर्भपाताचा प्रश्न मात्र तपासणी संपल्यावर, दाराशी जाऊन, आवाज खाली आणून विचारला जातो. "डॉक्टर, नात्यातल्या एका मुलीसाठी विचारायचं होतं..." अशी त्याची सुरुवात असते. मी फिजिशियन आहे. गर्भपात करणं हे माझं काम नाही, ते स्त्रीरोगतज्ज्ञांचं. पण घरचा डॉक्टर म्हणून हा प्रश्न आधी माझ्याकडे येतो आणि मी काय उत्तर देतो यावर पुढचं बरंच काही ठरतं.

आज याच विषयावर लिहितो आहे. आपला कायदा काय सांगतो, तो कुठे अडवतो आणि त्या अडवण्याची किंमत अख्ख्या घराला कशी मोजावी लागते, हे सांगायचं आहे. माझं मतही सांगणार आहे. ते सगळ्यांना पटेलच असं नाही.

आधी माझीच चूक

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एम.डी. होऊन मी तालुक्याच्या गावी नुकताच दवाखाना थाटला होता. एक बाई आल्या. कडेवर सात-आठ महिन्यांचं मूल, पदराला धरून दोन मुली. पाळी चुकून महिना झाला होता. "डॉक्टर, ह्ये चौथं नगं. अंगात ताकद न्हाई," म्हणाल्या. डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, तर आतली बाजू पांढरीफटक होती. रक्त फारच कमी होतं.

मी विचारलं, "मालक कुठे आहेत?"

"ट्रकवर गेल्यात. म्हैन्याभरानं येत्याल."

मी म्हणालो, "मग ते आले की दोघं या. सही लागेल. मी मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी देतो."

नवऱ्याची सही कायद्याने तेव्हाही लागत नव्हती आणि आजही लागत नाही. पण सगळेच डॉक्टर घ्यायचे, म्हणून मीही मागितली. उद्या काही झालं तर आपल्या अंगावर नको, एवढाच विचार मी केला.

तीन आठवड्यांनी त्यांना बैलगाडीतून आणलं. गावातल्या कुणीतरी "मोकळं करून देते" म्हणून काडी घातली होती. अंगात 104 ताप, नाडी लागत नव्हती, अंगावरून घाण वासाचं जात होतं. मी सलाइन लावून जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवलं. त्या वाचल्या, पण गर्भाशय काढावं लागलं. दोन महिने त्या अंथरुणावर होत्या. तेवढ्यात थोरल्या मुलीची शाळा सुटली ती कायमची. ती घर सांभाळू लागली. नवरा मला एकही शब्द बोलला नाही. नंतर तो दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ लागला, एवढंच. मला ते आजही बोचतं.

ती बाई माझ्याकडे आली तेव्हा वेळेत आली होती. उशीर मी केला.

कायदा नेमकं काय म्हणतो?

आपल्याकडे अनेकांना वाटतं की गर्भपात बेकायदा आहे. तसं नाही. शांतिलाल शहा समितीच्या शिफारशींनंतर 1971 साली वैद्यकीय गर्भपात कायदा झाला. 2021 साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. आजची स्थिती थोडक्यात अशी :

20 आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरांचं मत पुरतं. बाईच्या जिवाला धोका, तिच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा, गर्भात गंभीर दोष, बलात्कारातून राहिलेला गर्भ ही कारणं चालतात. गर्भनिरोधक साधन फसलं हेही कारण चालतं. पूर्वी हे कारण फक्त विवाहितेसाठी होतं. आता कायद्यात "पती" ऐवजी "जोडीदार" हा शब्द आहे.

20 ते 24 आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ते ठरावीक स्त्रियांनाच मिळतं. अत्याचारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंग, मानसिक आजार असलेल्या आणि गर्भात गंभीर दोष आढळलेल्या स्त्रिया त्यात येतात. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही यातून वगळता येणार नाही, असं स्पष्ट केलं.

24 आठवड्यांनंतर फक्त गर्भातल्या गंभीर दोषासाठी आणि वैद्यकीय मंडळाने मान्यता दिली तरच गर्भपात होतो. बाईचा जीव तातडीने वाचवायचा असेल तर मात्र आठवड्यांची अट नाही.

आता यातली मेख पाहा. सोळा वर्षांच्या मुलीसाठी पालकांची संमती लागते. अठरा वर्षांवरच्या स्त्रीला फक्त स्वतःची सही लागते. पण "मला नको आहे" एवढं कारण कायद्याला पुरत नाही, अगदी सहाव्या आठवड्यातही. डॉक्टरने कारण मान्य करावं लागतं. आणि या कायद्याबाहेर केलेला गर्भपात हा आजही फौजदारी गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत आहे. म्हणजे आपल्याकडे गर्भपात हा स्त्रीचा हक्क म्हणून लिहिलेला नाही. गुन्ह्याला दिलेली सूट म्हणून लिहिलेला आहे. मूळ चौकटच अशी असली की डॉक्टर घाबरतो. घाबरलेला डॉक्टर जादा कागद मागतो. आणि एकेका कागदापायी एकेक आठवडा जातो.

आठवडे मोजायचे कसे?

गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंध आल्याच्या दिवसापासून नाही. त्यामुळे पाळी चुकली म्हणून तुम्ही टेस्ट करता तेव्हाच चार-पाच आठवडे झालेले असतात. "दोनच महिने झाले" म्हणणाऱ्या बाईचे सोनोग्राफीत कधीकधी अकरा आठवडे निघतात.

आणि प्रत्येकीला वेळेत कळतंच असं नाही. पाळी अनियमित असलेल्या मुली, चाळिशी ओलांडलेल्या आणि "आता पाळी जायला लागली" असं समजणाऱ्या बायका, पोटदुखी म्हणून आईने आणलेली चौदा वर्षांची मुलगी, या सगळ्या उशिराच येतात. त्यात अंगावर पाजणाऱ्या आया पुष्कळ असतात. बाळ अंगावर पीत असताना पाळी येत नाही, म्हणून दिवस राहत नाहीत, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, फक्त अंगावरच पीत असेल आणि बाळंतपणानंतर पाळी आलेलीच नसेल, तोवर ते संरक्षण बऱ्यापैकी असतं. बाळाला वरचं अन्न सुरू झालं की ते कमी होतं. स्त्रीबीज पाळीच्या आधी तयार होतं, त्यामुळे बाळंतपणानंतर एकही पाळी न येता पुन्हा दिवस राहू शकतात.

हेच ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलेल्या एका स्त्रीच्या बाबतीत झालं. वय 27, दोन मुलं, धाकटं अंगावर पिणारं, बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर औषधं चालू. पाळी येतच नव्हती, त्यामुळे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. दोन न्यायमूर्तींनी आधी परवानगी दिली. मग गर्भ जगण्याइतका वाढला आहे असं डॉक्टरांकडून कळल्यावर त्या दोघींत मतभेद झाले. शेवटी 16 ऑक्टोबरला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने परवानगी नाकारली. गर्भ तेव्हा 26 आठवड्यांच्या पुढे होता, त्यात दोष नव्हता आणि आईच्या जिवाला तातडीचा धोका नव्हता. कायद्याच्या शब्दांत ते बसत नव्हतं.

इथे मी न्यायालयाला दोष देत नाही. जगू शकणाऱ्या गर्भाचा प्रश्न डॉक्टरांनाही सोपा नसतो. मला एवढंच विचारायचं आहे की ती बाई वेळेत कळावं म्हणून कुणी काय केलं होतं? बाळंतपणानंतर घरी जाताना "पाळी आली नाही तरी दिवस राहू शकतात, तीन महिन्यांनी एक टेस्ट करा" हे तिला कुणी सांगितलं असेल का? माझ्या दवाखान्यात येणाऱ्या बहुतेक आयांना ते कुणीच सांगितलेलं नसतं.

गर्भातल्या दोषांचंही असंच आहे. हातपाय, मेंदू, मूत्रपिंडं यांची बारकाईने पाहणी करणारी सोनोग्राफी साधारण 18 ते 20 आठवड्यांत होते. हृदयाचे काही दोष त्यानंतरच नीट दिसतात. 2008 साली मुंबईतल्या एका जोडप्याला गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचं 20 आठवड्यांनंतर कळलं. तेव्हा मर्यादा 20 आठवड्यांचीच होती. उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. त्यानंतर कायदा बदलायला 13 वर्षं लागली.

अडवलं तर घराचं काय होतं?

गर्भपात म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एकटी मुलगी येते. प्रत्यक्षात येणाऱ्या बायकांमध्ये आधीच एक-दोन मुलं असलेल्या पुष्कळ असतात. त्या आपल्या आहे त्या मुलांचा विचार करून आलेल्या असतात.

अमेरिकेत यावर एक मोठा अभ्यास झाला. गर्भपात करायला आलेल्या सुमारे 1000 स्त्रियांची पाच वर्षं माहिती ठेवली. काहींना गर्भपात मिळाला होता, काहींना मर्यादा ओलांडली म्हणून परत पाठवलं होतं. परत पाठवलेल्या स्त्रियांच्या घरी गरिबी जास्त राहिली, मारझोड करणाऱ्या जोडीदारापासून सुटका होणं अवघड गेलं, आणि त्यांच्या आधीच्या मुलांची वाढही मागे पडलेली दिसली. म्हणजे आईला अडवलं की तिच्या मोठ्या मुलांच्या ताटातलं कमी होतं.

रुमेनियाचं उदाहरण याहून मोठं आहे. 1966 साली तिथल्या सरकारने लोकसंख्या वाढावी म्हणून गर्भपातावर जवळजवळ बंदी घातली. काही वर्षं जन्म वाढले, मग पुन्हा घसरले, कारण बायका चोरून मार्ग काढू लागल्या. युरोपात सर्वांत जास्त माता त्या देशात मरू लागल्या आणि अनाथालयं टाकलेल्या मुलांनी भरली. डिसेंबर 1989 मध्ये बंदी उठली. पुढच्या वर्षभरात मातामृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. औषधं तीच होती, डॉक्टर तेच होते. बदलला होता फक्त कायदा.

आणि सविता हलप्पनवार आपल्याला परकी नाही. बेळगावच्या घरातली, दंतवैद्यक, वय 31, नवऱ्याबरोबर आयर्लंडला गेलेली. ऑक्टोबर 2012 मध्ये 17 व्या आठवड्यात तिचा गर्भ आपोआप पडू लागला. तो वाचणार नव्हता हे डॉक्टरांनाही माहीत होतं. तिने गर्भपात करून मागितला. पण गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर तिथला कायदा परवानगी देत नाही, असं उत्तर मिळालं. त्या दिवसांत रक्तात जंतुसंसर्ग पसरला आणि 28 ऑक्टोबरला ती गेली. तिला मूल हवं होतं, हे लक्षात घ्या. कडक कायदा मूल नको असलेल्यांनाच लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी सविताची आठवण ठेवावी. 2018 साली आयर्लंडच्या लोकांनी जनमत घेऊन ते कलम काढून टाकलं. त्या वेळी तिच्या बेळगावच्या वडिलांनीही तसं आवाहन केलं होतं.

"मग मुलींना पोटातच मारतील त्याचं काय?"

हा प्रश्न योग्य आहे आणि तो टाळून चालणार नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा 1988 साली महाराष्ट्राने केला. देशाचा कायदा 1994 साली आला. तरीही 2011 च्या जनगणनेत राज्यात 0 ते 6 वयोगटात 1000 मुलग्यांमागे 894 मुली होत्या. 2017 साली सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये 19 भ्रूण पुरलेले सापडले. असले धंदे करणाऱ्यांना कडक शिक्षा झालीच पाहिजे.

पण हे दोन वेगळे कायदे आहेत. लिंगनिदान हा गुन्हा आहे. कायद्यात बसणारा गर्भपात हा गुन्हा नाही. भिंतीवरच्या पाट्यांनी आणि पथनाट्यांनी "भ्रूणहत्या" हा एकच शब्द इतक्यांदा सांगितला की बायकांच्या मनात दोन्ही एकच झाले. औषध दुकानदारांच्याही मनात तेच बसलं. चौकशीचा ससेमिरा नको म्हणून आपल्या राज्यात अनेकांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच बंद केलं. त्या गोळ्या 9 आठवड्यांपर्यंत वापरतात. आपल्याकडे त्या काळात लिंग सोनोग्राफीत दिसत नाही. म्हणजे मुली वाचवण्यासाठी लावलेला चाप ज्यांचा लिंगनिदानाशी संबंधच नाही, अशा बायकांनाच बसतो.

अडवल्याने गर्भपात थांबतो का? 2015 साली देशात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाल्याचा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश रुग्णालयाबाहेर, गोळ्या घेऊन झाले. बाई थांबत नाही. ती डॉक्टरला वगळून जाते.

माझं मत

एक, पहिल्या 12 आठवड्यांत बाईची इच्छा हेच कारण पुरेसं मानावं. अनेक देशांत तसं आहे. डॉक्टरने तपासावं, धोके समजावून सांगावेत, पर्याय सांगावेत. पण कारण मंजूर करण्याच्या खुर्चीत त्याने बसू नये. मी त्या खुर्चीत बसलो होतो, आणि काय झालं ते वर लिहिलं आहे.

दोन, पुढच्या आठवड्यांत मर्यादा असावी हे मला मान्य आहे. पण जो मर्यादा घालतो, त्याने उशीर होऊ न देण्याची जबाबदारी घ्यावी. वैद्यकीय मंडळाने तीन दिवसांत मत द्यावं असा नियम आहे. तो जिल्ह्याच्या ठिकाणी पाळला गेला, तर गडचिरोलीच्या बाईला नागपूरला आणि नंदुरबारच्या बाईला मुंबईला धावावं लागणार नाही.

तीन, आम्ही डॉक्टरांनी कायद्यात नसलेले कागद मागणं बंद करावं. नवऱ्याची सही, सासूची संमती, लग्नाचा दाखला, यातलं काहीही लागत नाही.

तुम्ही काय लक्षात ठेवावं?

पाळी एक आठवडा पुढे गेली की घरीच लघवीची टेस्ट करा. मूल अंगावर पीत असलं तरी करा, चाळिशीनंतरही करा.

ऐकीव माहितीवर गोळ्या घेऊ नका. गर्भ कधीकधी गर्भाशयाऐवजी नळीत असतो. तिथे या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि नळी फुटून जीव जाऊ शकतो. रक्त कमी असेल, पूर्वी सिझेरियन झालं असेल, दमा किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर आधी सांगणं फार गरजेचं आहे.

गोळ्या घेतल्यावर तासाला दोन पॅड भिजत असतील आणि असं सलग दोन तास चाललं, चक्कर आली, ताप आला, पोटात एका बाजूला असह्य दुखलं किंवा अंगावरून घाण वास आला, तर थांबू नका. 108 ला फोन करा, रुग्णालय गाठा. तिथे खरं सांगा. डॉक्टरांना खरं कळलं तर वेळ वाचतो.

तुमचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांना कायद्याने बंधनकारक आहे. ते फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पोलिसांना कळवावं लागतं. पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी तिचं नाव न देता कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 सालीच सांगितलं आहे. त्यामुळे भीतीपोटी मुलीला भोंदूकडे नेऊ नका.

सरकारी रुग्णालयात ही सेवा मिळते. एका ठिकाणी नकार मिळाला तर कारण विचारा आणि लगेच दुसरीकडे जा.

आणि घरातल्या पुरुषांना व सासवांना एक विनंती. निर्णय तुम्हाला पटो वा न पटो, तिला एकटं सोडू नका. दवाखान्यात बरोबर जा. सहीसाठी नाही, सोबतीसाठी.

त्या बाईंची थोरली मुलगी मला अलीकडे भेटली. आता तिलाच दोन मुलं आहेत. शुगर तपासायला आली होती. आईचं नाव सांगितल्यावर मी ओळखलं. "आई बरी आहे," म्हणाली. फॉर्मवर सही कर म्हणालो, तर तिने अंगठ्यासाठी शाईचा पॅड मागितला. तो मी तिच्यापुढे सरकवला, तेव्हाच हा लेख लिहायचं ठरवलं.